गिअरवाली की पायडलवाली

३ जानेवारी

रेडा आज कायमचा बसला. रेडा म्हणजे आमचा ट्रॅक्टर. हिच्या वडिलांनी घेतलेला, आमच्या लग्नाहून जुना. चढावर अर्ध्यात थांबायची खोड त्याला पहिल्यापासून, म्हणून हे नाव. आज मात्र तो नेहमीसारखा रुसला नाही. आतून कडाडकन आवाज आला, मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि मग तीही थांबली.

ही वर बसलेली, मी खाली उभा. आमच्याकडे कायमची हीच व्यवस्था. ही चालवते आणि मी खालून हात करतो. ये, ये, अजून ये, बस. लोक म्हणतात, टपाल कचेरीत जन्मभर शिक्के मारले, त्यामुळे याचा हात स्वस्थ राहत नाही. म्हणू देत. जमीन हिच्या माहेरची, ट्रॅक्टर हिचा, अक्कलही हिचीच. मला ट्रॅक्टर येत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. एका घरात दोन ड्रायव्हर कशाला हवेत?

उतरताना हिचा डावा पाय पायरीवर नीट पडला नाही, माझ्या अंगावरच आली. म्हणाली, "मुंग्या आल्यात." मी म्हटलं, "रेड्याचं दुःख थेट पायात उतरलं की काय?" एरवी हसली असती. रेड्याच्या बॉनेटवर हात ठेवून नुसती उभी राहिली.

९ जानेवारी

मिस्त्री दोनदा येऊन बघून गेला. "काका, याला आता दवा नको, दुवा द्या," म्हणाला. नवीनच घ्या, पण लहान घ्या, बुटका घ्या आणि चारही चाकांनी ओढणारा घ्या. आमची शेती म्हणजे डोंगराच्या अंगावर एकाखाली एक पट्ट्या, मध्ये दगडी बांध. खालच्या पट्ट्यांत लिंबं, आणि सगळ्यात उभा तो वरचा तुकडा, बटाट्यांचा. मोठा ट्रॅक्टर लिंबांच्या ओळीत शिरणार नाही, आणि शिरला तर लिंबं राहणार नाहीत. नुसत्या मागच्या चाकांना जोर असला की चढावर गाडीचं तोंड हलकं होतं आणि मागची चाकं माती उकरत बसतात. चारही चाकांनी ओढलं तर गाडी जमीन धरून चढते. एवढं मलासुद्धा कळलं.

ही सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "या वेळची गाडी तुम्ही चालवायची."

"आणि तू?"

"मी खाली उभी राहून हात करीन. बघू तरी, किती अवघड असतं ते."

आम्ही दोघंही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

२१ जानेवारी

पहिलं शोरूम. काचा चकचकीत, गाड्या चकचकीत, विक्रेता त्याहून चकचकीत. गळ्यात टाय. ट्रॅक्टर विकायला टाय कशाला लागतो ते तोच जाणे. आम्ही दोघांनी घरी येईपर्यंत त्याचं नाव टायवाला करून टाकलं.

टायवाला सगळं मला सांगत होता. मागच्या अवजारांची लिफ्ट किती वजन उचलते, चाकांची रुंदी कमीजास्त कशी करायची, गाडी उलटली तर जीव वाचवणारा मागचा लोखंडी दांडा झाडाखालून जाताना कसा मोडून ठेवायचा. मी मान डोलवत होतो आणि मनात म्हणत होतो, थांब लेका, आता ही तोंड उघडेल आणि तुझी बोबडी वळेल. दरवेळी असंच होतं. दुकानदार माझ्याशी बोलतात, मग ही एक प्रश्न विचारते, आणि पुढचा सगळा वेळ मी चहा पितो.

आज हिने उलटंच केलं. म्हणाली, "अहो, बसा की वर."

"मी?"

"नाहीतर कोण? बसा."

बसलो. चारचौघांत शोभा. मग म्हणाली क्लच दाबा. दाबला. सोडा. परत दाबा. माझा डावा गुडघा म्हणजे आधीच कुरकुरणारं दार. सातआठदा दाबल्यावर कळ आली. हिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि टायवाल्याला विचारलं, "बिनक्लचची नाही का एखादी?"

लग्नाआधी मला बघायला आली तेव्हासुद्धा हिने माझी एवढी चिकित्सा केली नव्हती. आणि गंमत म्हणजे स्वतः एकदाही वर बसली नाही. चहाचा कप उचलला तर अर्धा चहा बशीत. मी म्हटलं, नवा ट्रॅक्टर बघून हात थरथरायला लागले का? म्हणाली, "तसंच समजा."

२ फेब्रुवारी

आज शोरूमच्या मागच्या टेकडावर गाड्या चालवून दाखवल्या. आता दोन उरल्यात. एक गिअरवाली. क्लच, गिअर, सगळं आपल्या रेड्यासारखं, फक्त अंगात वारं भरलेलं. दुसरी पायडलवाली. तिला क्लच नाही. उजव्या पायाखाली दोन पायडल. एक दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे, पाय उचलला की जागेवर उभी. टायवाला तिला हायड्रो म्हणतो. मी तिला खेळणं म्हणतो.

टायवाल्याने गिअरवाली टेकडावर घातली तेव्हा मी गाडीकडे नाही, हिच्याकडे बघत होतो. गाडीने अर्ध्या चढावर गिअर बदलला आणि न अडखळता वर गेली. हिचा डावा पाय जमिनीवर आपोआप दाबला गेला. चेहरा असा खुलला होता की मला आमचे लग्नानंतरचे दिवस आठवले. मी म्हटलं, "हीच घेऊ." ती म्हणाली, "गाडी सोन्यासारखी आहे. पण पायडलवालीच घ्यायची."

बोलताना जीभ जरा जड वाटली. विचारलं तर म्हणाली, दाढेचं काहीतरी आहे. लेक शहरातल्या दवाखान्यात घेऊन जाणार आहे. दाढेसाठी शहरात जायचं! आपल्या इथला दातांचा डॉक्टर काय वाईट आहे? पण मायलेकींचं ठरलं की मी फक्त पिशव्या उचलायच्या.

१४ फेब्रुवारी

दोघी आल्या. दाढेचं काय झालं विचारलं तर लेक म्हणाली, "अजून तपासण्या आहेत, बाबा." डोळे लाल. सर्दी झालीय म्हणे. जेवताना अचानक म्हणते, "बाबा, तुम्ही गाडी शिकून घ्या." मी म्हटलं, म्हातारपणी शिंगं मोडून वासरांत शिरू का? तर पानावरून उठून आत गेली. हल्ली या मुलींना थट्टाही सोसत नाही.

संध्याकाळी आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, तू आयुष्यभर काय म्हणत आलीस? बिनगिअरची गाडी म्हणजे बिनदातांचा कुत्रा. मग आता त्या खेळण्यावर एवढा जीव का? म्हणाली, "तुमच्या गुडघ्याला बरी."

"माझ्या गुडघ्याचा काय संबंध? चालवणार तू."

"अहो, कधीतरी माझं ऐका," म्हणाली, आणि भांडी आवरायला उठली. आवरता आवरता एक बशी हातातून निसटली. फुटल्याचा आवाज झाला तरी मागे वळून बघितलं नाही.

मला वाटतं, माझं म्हातारपण डोक्यात घेऊन ही स्वतःची हौस मारते आहे. जन्मभर तेच केलंय. बरी साडी लेकीला, बरा तुकडा मला. रेड्यावर कंबर मोडून घेतली, पण नवीन घ्या म्हणून एकदा तोंडातून काढलं नाही. आता घ्यायची वेळ आली तर परत माझा गुडघा. नाही म्हणजे नाही.

१ मार्च

आज खोटं बोललो. पेन्शनच्या कामाला जातो म्हणून निघालो आणि बसने थेट शोरूमला गेलो. गिअरवाली ठरवली. टायवाला म्हणाला, "पण काकूंना दुसरी हवी होती ना?" मी म्हटलं, काकूंना काय हवं असतं ते मला कळतं, इतकी वर्षं काय नुसते शिक्के मारले? तो हसला आणि कागद पुढे केले.

येताना बसमध्ये खिडकीशी बसून एकटाच हसत होतो. शेजारचा माणूस जरा सरकून बसला. मध्येच वाटलं, चिडली तर? चिडेल दोन दिवस. मग वर बसेल, चढावर गिअर टाकेल, आणि खाली बघून हसेल. मला तेवढं पुरे.

८ मार्च

हे लिहवत नाही, पण लिहितो.

सकाळी गाडी आली. टायवाला स्वतः आला होता. ट्रकवरून उतरवून अंगणात उभी केली. हिला हाक मारली. ही भिंतीला हात लावत व्हरांड्यात आली आणि गाडी बघून थांबली. मी म्हटलं, "बस की! मुहूर्त बघतेस का?"

ती गाडीपाशी आली. दांडा धरला, उजवा पाय पायरीवर ठेवला. डावा उचलेना. परत प्रयत्न केला. मला हसू येत होतं, मी खरंच हसत होतो. म्हटलं, "काय गं, नवी नवरी का तू, लाजतेस कसली?" तिसऱ्यांदा टायवाल्याने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून वर बसवली. हाताला दंड लागले ते नुसती हाडं. रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाला हे कसं कळत नाही?

तिने डावा पाय क्लचवर ठेवला. क्लच खाली जाईना. दोन्ही हातांनी गुडघा दाबला, तरी जाईना. टायवाला म्हणाला, "नवीन आहे काकू, जरा कडक असतो."

ही वरूनच म्हणाली, "कुणासाठी आणलीत?"

"तुझ्यासाठी."

तिचा बाप गेला तेव्हा मी तिला रडताना पाहिलं होतं. त्यानंतर आज. नव्या गाडीच्या सीटवर बसून, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. टायवाला ट्रकच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. आणि मग त्या जड जिभेने तिने मला सांगितलं की दाढ वगैरे काही नाही. शरीरातले स्नायू एकेक करून काम सोडतात, असा आजार आहे. आधी पाय, मग हात, मग जीभ, मग श्वास. औषध नाही. डॉक्टर म्हणाले, वर्ष, फार तर दोन.

"मी तुमच्यासाठी गाडी शोधत होते हो," म्हणाली.

१० मार्च

लेकीला फोन केला आणि तिच्यावर खूप ओरडलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईने शपथ घातली होती. ती म्हणाली, बाबांना आधी गाडी बघू दे, मग मी सांगीन. सांगितलं की ते काही बघणार नाहीत." हे मात्र अगदी खरं आहे, म्हणून आणखी राग आला.

मुंग्या आल्यात म्हणाली होती. मी थट्टा केली.

१६ मार्च

आम्ही शोरूमला गेलो. ही भाड्याच्या जीपमध्येच बसून राहिली, मी आत गेलो. विकलेली वस्तू परत कशी घ्यायची म्हणून मालक तयार नव्हता, आणि त्याचं चूक नाही. टायवाला त्याला आतल्या खोलीत घेऊन गेला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "काका, होईल. तोटा थोडा सोसावा लागेल." सोसला. पुढच्या आठवड्यात पायडलवाली येईल.

परतताना ही म्हणाली, "तुम्हाला गिअरवालीच आवडली होती ना?" मी म्हटलं, "मला कुठलीच आवडली नव्हती गं. मला तिच्यावर बसलेली तू आवडणार होतीस." एवढ्या वर्षांत असलं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता बोला. एवढे दिवस काय तोंडात गुळणी धरली होती?"

२ एप्रिल

पायडलवाली येऊन शेडमध्ये उभी आहे. मी तिच्या अंगावर ताडपत्री टाकली आहे. ही रोज विचारते, कधी बसताय? मी रोज काहीतरी सांगतो. गुडघा दुखतोय. वारा फार आहे. माती ओली आहे.

खरं कारण इथे लिहितो. ही सगळी तयारी कशाची आहे ते मला कळतं. मला गाडी आली की हिचं काम झालं. आणि ही काम झाल्यावर एक क्षण रेंगाळणारी बाई नाही. सोयरे-धायरे असोत की बाजार, आटपलं की ही उठलीच. म्हणून मी शिकणार नाही. येडचापपणा आहे, कळतं मला. असू दे.

११ एप्रिल

आज तिने मला हरवलं. मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर ही शेडमध्ये जमिनीवर. काठी टेकत एकटी गेली होती, ताडपत्री ओढायला. ओढता ओढता पडली, पण ताडपत्री सोडली नव्हती. उचलताना म्हणाली, "आता तरी बसा. नाहीतर मी रोज अशीच पडेन."

बसलो. शेडबाहेर काढून अंगणात फिरवली. उजवा पंजा खाली, गाडी पुढे. टाच खाली, गाडी मागे. पाय उचलला, उभी. खरंच माझ्या गुडघ्याला काहीच काम नाही. हिने शोधून शोधून माझ्या मापाची गाडी शोधली आहे.

५ मे

शिकवणी चालू आहे. बांधावर वेताची खुर्ची, खुर्चीत मास्तरीणबाई. नियम असे: उभ्या उतारावर सरळ चढायचं, सरळ उतरायचं, आडवं कधी जायचं नाही. उतरताना चारही चाकांचा जोर चालू ठेवायचा. मागचा दांडा उभा असेल तर पट्टा बांधायचाच. आणि ओळीच्या टोकाला वळताना हाताशी असलेली दांडी ओढून मागचा रोटर आधी उचलायचा. माती भुसभुशीत करणारी ही पाती जमिनीत राहिली आणि गाडी वळली, तर गाडी कण्हते, माती फाटते आणि काहीतरी मोडतं.

मी हे शेवटचं रोज विसरतो. ही खुर्चीतून ओरडते, "उचला!" आवाज आता पूर्वीसारखा पोचत नाही. पण मला ऐकू येतो.

आज मी म्हटलं, जमीनच वेडीवाकडी आहे. म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." एवढं बोलायला तिला फार वेळ लागला. मी मध्ये बोललो नाही. पूर्ण होऊ दिलं आणि मग हसलो.

१८ जून

लिंबांच्या सगळ्या ओळी मी एकट्याने केल्या. एकही फांदी मोडली नाही. लेक आली होती, तिने फोनवर शूटिंग केलं. ही खुर्चीत बसून बघत होती. आता चमचा हातात धरवत नाही, लेकीने भरवलं. भरवून झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, नंतर तुम्ही आमच्याकडेच या." हिने मान हलवली. नाही म्हणून. लेकीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

हिला वाटतं, शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावर मी सुकून जाईन. बरोबर वाटतं तिला. मी टपालवाला असलो तरी माझा जीव आता या बांधांवर बसलाय. तो तिनेच तिथे बसवला.

९ जुलै

वरचा तुकडा तेवढा राहिलाय. तोच सगळ्यात उभा. हिला तो बघायचा आहे. "वरचा झाला की झालं," असं ती डोळ्यांनी आणि तोडक्यामोडक्या शब्दांनी सारखं सांगते.

आज वर गेलो. दोन ओळी घातल्या. सरळ चढलो, सरळ उतरलो. तिसऱ्या ओळीच्या टोकाला आलो आणि खाली व्हरांड्याकडे बघितलं. ही टक लावून बघत होती. अशी, की जणू कुठे तरी निघायचंय आणि शेवटचं दार लावायचं राहिलंय.

मी रोटर उचलला नाही. तसाच वळलो. गाडी कण्हली, माती फाटली. खाली येऊन म्हटलं, "नाही जमत गं अजून."

२० जुलै

परत तेच केलं. ही लिहायची गोष्ट नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगू? मला आता झोपेतसुद्धा रोटर उचलता येतो. तरी वरच्या तुकड्यात मी चुकतो. कधी उचलत नाही, कधी मध्येच थांबतो. एकदा पाती दगडाला घासली, मिस्त्री म्हणाला, "काका, लक्ष कुठे असतं?" मी म्हटलं, वय झालं.

आणि ही अजून आहे. श्वासाला त्रास होतो, मशीन लावावं लागतं, पण सकाळी डोळे उघडले की आधी वरच्या तुकड्याकडे बघते. मग मला वाटतं, बघा, चालतंय माझं.

४ ऑगस्ट

आज पकडला गेलो.

वरून खाली आलो, नेहमीचं तोंड करून म्हटलं, "आजही राहिलं बघ उचलायचं." हिने मशीनची नळी काढायची खूण केली. मी नको म्हणत होतो, ऐकेना. काढली.

एकेक शब्द. मध्ये श्वास. मी तिच्या तोंडाशी कान नेला.

"मुद्दाम करताय."

मी नाही म्हटलं.

"आवाज... कळतो मला. वळायच्या आधी... हात दांडीवर जातो तुमचा. मग... मागे घेता."

त्या चढावरून, तेवढ्या अंतरावरून हिला माझा हात दिसला. मी लहान मुलासारखा रडलो. म्हटलं, "मला येत नाही तोवर तू थांबशील ना? मग नाहीच येत मला, जा."

तिने दोन-तीन श्वास घेतले. मला वाटलं दमली. मग म्हणाली, आणि हे वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही:

"अहो, तसं असतं तर... मी तुम्हाला शिकूच दिलं असतं का?"

तिला पुन्हा नळी लावली. तोंड पुसलं. तिने डोळ्यांनी वरचा तुकडा दाखवला. मी उठलो आणि गेलो. सगळ्या ओळी घातल्या. प्रत्येक टोकाला उचलला, वळलो, खाली सोडला. उतरताना मुद्दाम कुठेच थांबलो नाही. खाली आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ती जागीच होती. मी विचारलं, "कसं?" तिने दोन्ही डोळे मिटले आणि उघडले. आमच्यात हल्ली त्याचा अर्थ हो असा आहे.

२३ ऑगस्ट

ही पहाटे गेली. लेक जवळ होती, मी जवळ होतो. त्रास झाला नाही, निदान आम्हाला दिसला नाही. आज बाकी काही लिहीत नाही.

१२ सप्टेंबर

लेक परत गेली. न्यायला आली होती, चार दिवस राहिली, बॅग भरा म्हणाली. मी म्हटलं, बटाटे लावायचेत. तिने वाद घातला नाही. जाताना शेडमध्ये गेली आणि गाडीच्या सीटवर थोडा वेळ बसून आली.

घर फार मोठं झालंय. चहा दोन कप होतो, दुसरा मीच पितो.

७ ऑक्टोबर

वरच्या तुकड्यात बटाटे लावून झाले. खाली उतरलो तर फोन वाजत होता. कंपनीच्या कचेरीतून एक मुलगी बोलत होती. नवीन गाडी घेतलेल्यांना फोन करून विचारतात म्हणे. आवाज गोड होता, पण प्रश्न पाठ केलेले होते.

"सर, गाडी मुख्यतः कोण चालवतं?"

म्हटलं, "मी."

"चालवायला कशी वाटते? अवघड, ठीक, सोपी?"

"सोपी."

"हेच मॉडेल घ्यायचं, हा निर्णय घरात कोणी घेतला होता?"

"बायकोने."

"अरे वा! मग मॅडमशी बोलता येईल का, सर?"

म्हटलं, आत्ता नाही येणार. ती म्हणाली, हरकत नाही, त्यांच्या वतीने तुम्हीच सांगा. गाडी त्यांना हवी होती तशीच निघाली का? एक ते पाचमध्ये किती गुण देतील त्या?

मी वरच्या तुकड्याकडे बघितलं. ती म्हणाली, "हॅलो, सर?"

म्हटलं, "पाच. अगदी तिला हवी होती तशीच निघाली."

तिने आभार मानले. मीही मानले. मग रोटरला चिकटलेली माती धुवायची होती, ती धुतली.